शिकस्त म्हणजे हार नव्हे

‘डॉक्टरांनी प्रयत्नांची शिकस्त केली’ असे वाक्य मी एका कथेत लिहिले होते. कथेतला रोगी वाचतो. हिंदी अनुवादात मात्र डॉक्टरांचे प्रयत्न हरले, आणि पुढच्याच परिच्छेदात रोग्याने चहा मागितला! अनुवादकाला मी दोष देत नाही. फारसीत शिकस्त म्हणजे मोड, पराभव. हिंदी-उर्दूत शब्द हार सांगत राहिला. मराठीने तोच उचलून प्रयत्नांच्या टोकावर नेऊन ठेवला.

हा किस्सा सांगितला की कुणीतरी हमखास म्हणते, “मग हा परका शब्द हवाच कशाला? पराकाष्ठा आहे की!” माझे भांडण आहे ते या सल्ल्याशी.

पराकाष्ठेविषयी मला आदर आहे. त्यातली काष्ठा म्हणजे सीमा. जुन्या संस्कृतात शर्यतीच्या अंतिम खुणेलाही काष्ठाच म्हणत. म्हणून पराकाष्ठा कशाचीही होते: सहनशीलतेची, क्रौर्याची, मूर्खपणाचीसुद्धा. मूर्खपणाची शिकस्त केल्याचे कुणी ऐकले आहे? शिकस्त फक्त प्रयत्नांची, आणि ती माणसालाच करावी लागते. पराकाष्ठा दुरून बघूनही सांगता येते. शिकस्तीत करणाऱ्याचे काहीतरी मोडते: झोप, पाठ, गाठीचा पैसा. फारसीतली ती मोड मराठीने टाकून दिली नाही. हरण्यातून काढून झटण्यात घातली. अशा शब्दाला परका कोणत्या तोंडाने म्हणायचे?

भाषाशुद्धीवाल्यांनी रुळवलेले ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ मीही वापरतो. १९२५ साली फार्शी-मराठी कोश देणारे माधव जूलियन पुढे त्याच चळवळीचे पुरस्कर्ते झाले, हेही ठाऊक आहे. पण तारखेला प्रतिशब्द देणे वेगळे आणि अनुभवाला देणे वेगळे.

शुद्धी करायचीच तर इथे करा: गावात आठवड्यातून एकदा टँकर येतो आणि पत्रकात छापून येते, ‘यंत्रणा शिकस्तीचे प्रयत्न करीत आहे.’ शब्द बाटतो तो असा. डोक्यावर हंडा घेऊन दोन कोस चालणारी बाई शिकस्त करते. पत्रक लिहिणारा नव्हे.

तेव्हा शब्द फारसी की संस्कृत, हे मागाहून बघू. कुणी शिकस्त केली म्हणाला, तर आधी एवढेच विचारा: तुमचे काय मोडले?