ठशाची बदनामी

मराठी समीक्षेत ‘ठसा’ हा शब्द बक्षिसासारखा वाटला जातो. लेखकाने आपला ‘स्वतंत्र ठसा’ उमटवला की तो मोठा. त्याच समीक्षेत ‘छापील’, ‘साचेबंद’ हे शब्द मात्र शिवीसारखे येतात. वस्तुतः ठसा आणि छाप ही एकाच क्रियेची दोन नावे. आणि साच्यावाचून ठसा उमटत नाही. ही विसंगती आपल्याला खटकत नाही, कारण ठसा ही वस्तू आपण फारशी हातात घेतलेली नसते.

हे आठवायचे निमित्त म्हणजे रबरी ठशांनी घरी केलेली नाताळची भेटकार्डे. इंग्लंड-अमेरिकेत हा उद्योग गेली काही दशके चालू आहे. तो बहुतांशी स्त्रिया करतात, म्हणून त्याला कला न म्हणता छंद म्हणण्याची सोय झालेली आहे. त्यावरचा सुशिक्षितांचा शेराही ठरलेला: चित्र दुसऱ्याचे, ठसा विकतचा, मग यात ‘हाताने केलेले’ ते काय?

या शेऱ्यामागे एक दंतकथा आहे. आधी अस्सल, हस्तलिखित शुभेच्छा होत्या. मग छपाई आली आणि भावना स्वस्त झाली, अशी. इतिहास असा नाही. कार्डांच्या आधीपासून इंग्लंडमधली शाळकरी मुले नाताळात आईबापांसाठी वळणदार अक्षरात मजकूर लिहीत, तो छापील वेलबुट्टीच्या चौकटीत. १८४३ साली हेन्री कोलने जॉन कॅलकॉट हॉर्सलीकडून पहिले व्यापारी नाताळकार्ड काढून घेतले, ते मुळी इतक्या पत्रांना हाताने उत्तरे लिहिणे टळावे म्हणून. हजारेक प्रती शिळाछापावर निघाल्या. रंग मात्र हातांनी भरलेले. पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव लिहायला जागा मोकळी. किंमत एक शिलिंग. त्याच वर्षीच्या डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मधल्या बॉब क्रॅचिटचा आठवड्याचा पगार पंधरा शिलिंग, हे ध्यानात घेतले की स्वस्त झालेल्या भावनेची कल्पना येते! छापील आणि हस्तनिर्मित यांची सरमिसळ अशी पहिल्या प्रतीपासूनच आहे.

आमचे विद्यार्थी इथे वाल्टर बेन्यामिनला साक्षीला बोलावतील. अवश्य बोलवावे; पण यांत्रिक पुनरुत्पादनावरच्या त्या निबंधाचा आरंभही वाचावा. ग्रीकांना ठाऊक असलेल्या पुनरुत्पादनाच्या दोनच रीती तो सांगतो: ओतकाम आणि ठसे. ठसा हा यंत्रयुगाचा अपराध नव्हे.

आता प्रत्यक्ष काम. रबराचा ठसा शाईच्या पॅडवर हलकेच टेकवायचा. रेटला तर शाई खोबणीत उतरते. कागदावर दाब सरळ हवा. ठसा जरा डुलला की कडेची रेघ दुहेरी होते. शाई पुन्हा न लावता तोच ठसा दुसऱ्यांदा उमटवला की तो फिका येतो, आणि या फिकेपणातून एकाच झाडाच्या ठशाने जवळचे आणि धुक्यातले दूरचे झाड वेगळे करता येते. एकामागे एक झाडे हवी असतील तर पुढचे आधी उमटवायचे, त्यावर त्याच आकाराचा कागद झाकायचा आणि मग मागचे. (चित्रकार बहुधा मागून पुढे येतो, इथे क्रम उलटा.) रेघ उठावदार हवी असेल तर ओल्या शाईवर पूड भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि उष्णतेने वितळवायची. ठसा एकच, पण पन्नास कार्डांत पन्नास दाब.

गंमत अशी की हा भेद व्यापाऱ्यांना कळतो. अनेक ठसा-कंपन्या चित्रांचा स्वामित्वहक्क स्वतःकडे ठेवूनही हाताने ठसे मारलेली कार्डे विकायला मुभा देतात. त्या व्यवसायात याला ‘एंजल पॉलिसी’ म्हणतात. मुख्य अट अशी की प्रत्येक ठसा हातानेच उमटलेला हवा. एकदा उमटवून त्याच्या झेरॉक्स काढायच्या नाहीत. करारातल्या एका कलमाला जे दिसते ते सौंदर्यशास्त्राच्या प्राध्यापकाला दिसू नये?

कार्ड करणाऱ्यांची बाजू घेताना त्यांची भाषा मात्र मी घेणार नाही. ‘एकमेवाद्वितीय’, ‘थेट हृदयातून’ ही विशेषणे दुकानातून आलेली आहेत. कापलेले कागद, जुळवलेले रंग आणि सूचनांचा तक्ता एका खोक्यात घालून विकणारा ‘हस्तनिर्मित’ हाच शब्द विकत असतो, आणि तिथे विरोधकांची टीका रास्त आहे. एक साक्ष तर मीच त्यांच्या हाती देतो. शुभेच्छेच्या मजकुराचा जो ठसा असतो त्याला या धंद्यात चक्क ‘सेंटिमेंट’ म्हणतात. भावना रबरात कोरलेली, आणि तीही आरशातल्यासारखी उलटी!

पण म्हणून ती खोटी ठरते काय? आपल्या आजोबांची पत्रे काढून पाहावीत. आरंभी ‘तीर्थरूप’, मग ‘कृ. सा. न. वि. वि.’: साष्टांग नमस्काराची पाच अक्षरे, पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी. त्यांना कोणी साचेबंद म्हटले नाही, की लिहिणारा खरोखर किती वेळा जमिनीला टेकला होता याची चौकशीही केली नाही. वाचणारा मायन्यावरून पुढे सरके, अक्षर हललेले आहे का ते पाही, आणि प्रकृती कशी आहे ते ओळखी.