आधी पाणी, मग पक्षी, बंदूक शेवटी

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो खोऱ्यात ऑक्टोबरच्या सुमारास भाताची कापणी उरकते. मोकळ्या झालेल्या खाचरांत शेतकरी पुन्हा पाणी सोडतात आणि अलास्का-कॅनडाकडून दक्षिणेला निघालेली लाखो बदके त्या पाण्यावर उतरू लागतात. त्याच दिवसांत बदकांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि जानेवारीअखेरपर्यंत चालतो. नोकरीधंद्यानिमित्त त्या भागात नव्याने आलेल्या माणसाला एखादा शेजारी किंवा सहकारी ‘एकदा चल की’ म्हणतो. असा नवखा माणूस मराठीही असू शकतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानबदक मारणे हा आज गुन्हा आहे. तिथे मात्र परवाना काढून आणि नियम पाळून शिकार करता येते.

नवख्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: बंदूक कोणती घ्यावी? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. अनोळखी मुलखात बदकांच्या शिकारीला उतरायचेच असेल, तर पहिला हंगाम दुर्बीण आणि वही घेऊन काढावा. कारण साधे आहे. या छंदात पक्ष्यांचे आणि माणसाचेही जे नुकसान होते, ते टाळण्यासाठी चांगला नेम फारसा उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती माहिती, आणि ती दुकानात मिळत नाही.

पाण्याची ओळख

सॅक्रामेंटो खोऱ्याचेच उदाहरण घेऊ. हंगाम सुरू झाला की तिथली बदके आपले वेळापत्रक बदलतात. दिवसभर ती शिकारबंदी असलेल्या तळ्यांवर दाटीने विश्रांती घेतात आणि अंधार पडल्यावर भातखाचरांत सांडलेले दाणे टिपायला जातात. तलवार बदकांच्या अभ्यासांत ही सवय स्पष्ट दिसली आहे. नवखा माणूस दिवसाउजेडी हजारो बदकांनी भरलेले तळे पाहून हरखतो आणि शिकारीला परवानगी असलेल्या शेजारच्या पाण्यावर सकाळभर रिकामा बसतो. वादळी वाऱ्याच्या दिवशी मात्र पक्षी दिवसाही जागा बदलतात. हे गणित सुटायला किनाऱ्यावर बसून पाहत राहण्याला पर्याय नाही.

जमीन कुणाची, हाही प्रश्न आहे. भातखाचरे बहुतांश खासगी असतात. मालकाच्या परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. सरकारी जागांत १९३७ साली स्थापन झालेल्या सॅक्रामेंटो राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानासारखी ठिकाणे येतात. तिथे शिकारीचे वार ठरलेले असतात आणि आगाऊ प्रवेश सोडतीने मिळतो. ज्यांचा नंबर लागत नाही ते रांगेत थांबतात. अशा अनेक जागी पाण्यात जाताना पंचवीसच काडतुसे जवळ बाळगता येतात आणि परतताना मारलेल्या पक्ष्यांची नोंद नाक्यावर करावी लागते.

शिवाय या खोऱ्यात हिवाळ्यात जमिनीलगत दाट धुके उतरते. चार पावलांवरचा बांध दिसत नाही आणि सगळी खाचरे सारखीच वाटतात. सपाट पाण्यात मधेच खोल चर आणि कालवे असतात. ते कुठे आहेत हे दिवसाउजेडी, मोकळ्या हातांनी एकदा फिरून पाहिलेले असावे. पहाटेच्या अंधारात, खांद्यावर ओझे घेऊन ते शोधण्याची वेळ येऊ नये.

उजेड फुटण्याआधीची परीक्षा

अमेरिकेत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बदकांवर गोळी झाडता येते. त्या वेळी रंग दिसत नाहीत, फक्त काळ्या आकृत्या दिसतात. नियम मात्र जातीनुसार आणि नर-मादीनुसार आहेत. प्रशांत महासागराच्या बाजूच्या राज्यांत दिवसाला एकूण सात बदकांची मर्यादा आहे, पण त्यात मॅलार्ड जातीच्या माद्या दोनच चालतात. कॅनव्हासबॅक आणि रेडहेड या बदकांचीही मर्यादा प्रत्येकी दोनच. ‘ओळखू आले नाही’ ही सबब चालत नाही. मारलेल्या पक्ष्याची जात कळावी म्हणून घरी नेईपर्यंत त्याचे डोके किंवा एक पिसांसकटचा पंख तसाच ठेवावा लागतो.

आता मॅलार्डची मादी आणि गॅडवॉलची मादी दोन्ही तपकिरी ठिपकेदार असतात. मॅलार्डच्या पंखावर पांढऱ्या किनारीचा निळा पट्टा असतो, गॅडवॉलच्या पंखावर पांढरा चौकोन. थापट्या बदक त्याच्या फावड्यासारख्या चोचीवरून ओळखता येते. तलवार बदकाची मान लांब आणि बांधा सडपातळ असतो, तर टील बदके चिमुकली आणि वेगवान. आवाजाचाही आधार मिळतो. आपण ज्याला बदकाचा आवाज म्हणतो तो मोठा ‘क्वॅक’ मॅलार्डची मादी काढते. नराचा आवाज बसका असतो आणि तलवार बदकाचा नर तर शीळ घातल्यासारखा बोलतो. हे पुस्तकात वाचून कळते, पण उडत्या थव्यावर दोन-तीन सेकंदांत लागू करायला महिनोन्महिन्यांचा सराव लागतो. म्हणूनच पहिला हंगाम निरीक्षणाचा.

सात हा आकडा आला कुठून?

नियम नुसते पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामागचे विज्ञान समजले तर ते पाळावेसे वाटतात. अमेरिका आणि कॅनडातील शास्त्रज्ञ १९५५ पासून दर वसंतात कमी उंचीवरून विमाने उडवून बदकांची मोजणी करतात. पक्ष्यांबरोबर तळीही मोजली जातात, कारण उत्तरेच्या गवताळ प्रदेशात पाणी किती साठले यावर पिल्लांची संख्या ठरते. १९९५ पासून या आकड्यांवरून दरवर्षी गणिती प्रारूपे तपासली जातात आणि त्यातून पुढच्या हंगामाचे नियम ठरतात. शिकाऱ्याला परवान्यासोबत आपली नोंदणी करावी लागते. त्यातून निवडलेल्या काही जणांना मारलेल्या बदकांचे पंख टपालाने शास्त्रज्ञांकडे पाठवायला सांगतात. पंखांच्या पिसांवरून पक्ष्याचे वय आणि लिंग कळते, आणि त्या वर्षी विणीचा हंगाम कसा गेला याचा अंदाज येतो.

तलवार बदकाची गोष्ट यात बोलकी आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यात या पाहणीत सुमारे एक कोटी तलवार बदके मोजली गेली होती. २०२२ मध्ये ती अठरा लाखांच्या आसपास उरली. अनेक वर्षे दिवसाला एकाच तलवार बदकाची परवानगी होती. २०२५-२६ च्या हंगामात ती तीनवर गेली. पक्षी घटलेले असताना मर्यादा वाढवणे उफराटे वाटेल. पण नव्या प्रारूपाचे म्हणणे असे, की या जातीची घसरण शिकारीपेक्षा विणीच्या जागा गेल्यामुळे झाली आहे. हा पक्षी कापणीनंतरच्या मोकळ्या शेतात जमिनीवर घरटे करतो आणि वसंतातली नांगरट ती अंडी उलथवून टाकते. हे म्हणणे बरोबर की चूक, ते पुढच्या काही वर्षांची मोजणी सांगेल. आकडे विरोधात गेले तर मर्यादा पुन्हा खाली यावी, अशी ही पद्धत आहे. नवख्याने निदान एवढे समजून घ्यावे, की हातातल्या परवान्यामागे एक चालू प्रयोग आहे आणि आपण त्याचा भाग आहोत.

शिशाचा धडा

याच क्षेत्रात विज्ञानाकडे दुर्लक्ष केल्याची किंमतही दिसते. बदकांच्या शिकारीत एका काडतुसातून शे-दोनशे छर्रे सुटतात. त्यातले बहुतेक पाण्यात पडून तळाशी बसतात. बदकांना दात नसतात. ती बारीक खडे गिळतात आणि पेषणीत त्यांच्या साहाय्याने दाणे दळतात. खडे समजून शिशाचे छर्रे गिळले की पेषणीत ते झिजतात आणि शिसे रक्तात मिसळते. पंख लोंबू लागतात, पचनसंस्था बंद पडते आणि पोटात अन्न असतानाही पक्षी उपासमारीने मरतो.

फ्रँक बेलरोज या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये अंदाज मांडला होता, की उत्तर अमेरिकेतील दोन ते तीन टक्के पाणबदके दरवर्षी अशा विषबाधेने मरत असावीत. देशभर बदकांच्या शिकारीसाठी शिशाच्या छऱ्यांवर बंदी आली ती १९९१ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी. पोलादी छऱ्यांनी बंदुका खराब होतील, पक्षी जखमी होऊन उडून जातील, असे आक्षेप घेत अनेक शिकाऱ्यांनीच विरोध केला. बंदीनंतर मिसिसिपी नदीच्या उड्डाणमार्गावर झालेल्या अभ्यासात मॅलार्डमधील शिशाच्या विषबाधेचे मृत्यू ६४ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. कॅलिफोर्नियात तर जुलै २०१९ पासून कोणत्याच शिकारीसाठी शिसे वापरता येत नाही.

आक्षेपात एक तथ्य होते. पोलाद शिशापेक्षा हलके असल्याने छऱ्यांचा वेग लवकर कमी होतो. त्यावर उपाय म्हणजे थोडे मोठे छर्रे वापरणे आणि पक्षी तीस-पस्तीस मीटरच्या आत आल्याशिवाय गोळी न झाडणे. उंचावरच्या थव्यावर आशेने बार काढणारा माणूस पक्षी जखमी करतो आणि तो पक्षी कुठेतरी बोरूच्या झाडीत मरतो. अंतराचा अंदाज हाही सरावाचाच विषय आहे. शिशाचे छर्रे लागलेले मांस खाल्ल्यास शिसे आपल्याही शरीरात जाते. रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानलेली नाही, आणि मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वाधिक असतो.

आपल्या जिवाचे काय?

बंदुकीचा धोका सगळ्यांना दिसतो आणि त्यासाठी प्रशिक्षण सक्तीचे आहे. कॅलिफोर्नियात पहिला परवाना काढणाऱ्याला सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. थंड पाण्याचा धोका मात्र नवख्याला कळत नाही. गार पाण्यात अचानक पडल्यावर पहिल्या मिनिटात माणूस नकळत धापा टाकतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. काही मिनिटांत हातापायांतली ताकद जाते. त्यामुळे होडीत बसताना लाइफ जॅकेट अंगात घातलेले हवे. छातीपर्यंतच्या रबरी विजारीवर कमरेला पट्टा घट्ट आवळावा, म्हणजे आत पाणी झपाट्याने भरत नाही. कानांचेही तसेच. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि एवढ्या आवाजाने एका बारातही कायमची इजा होऊ शकते.

बर्ड फ्लूचा विषय ताजा आहे. एच५एन१ विषाणूचा सध्याचा प्रकार २०२२ च्या सुरुवातीपासून अमेरिकेतील रानपक्ष्यांत आढळतो आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर चरणारी बदके आजारी न दिसताही तो वाहून नेतात. म्हणून मेलेल्या किंवा मलूल पक्ष्याला हात लावू नये. पक्षी साफ करताना हातमोजे घालावेत. तेव्हा खाणेपिणे, धूम्रपान करू नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला शिजवावे. घरी कोंबड्या असतील तर शिकारीचे बूट-कपडे त्यांच्यापासून दूर ठेवावेत. कुत्र्या-मांजरांना कच्चे मांस देऊ नये.

मारायचेच कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. छंद म्हणून जीव घेणे पटत नाही असे म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. बंदुकीशिवाय काढलेल्या हंगामानंतर अनेकांना बंदुकीची गरज वाटणार नाही, आणि ते उत्तमच. पण बंदी आणि मोकळीक यांच्यामध्ये ज्ञानाची एक पायरी असते, तिच्याकडे आपण दुर्लक्ष करतो.

भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. नेमबाज कसलेले होते, पण पक्षी किती आहेत आणि किती मारले तर उरतील, हा हिशेब त्यामागे नव्हता. त्याच दशकात अमेरिकेत भीषण दुष्काळाने बदकांची संख्या कोसळली होती. तिथे १९३४ मध्ये शिकाऱ्यांना एक डॉलरचे तिकीट सक्तीचे झाले. पहिल्या तिकिटाचे चित्र काढणारे जे एन ‘डिंग’ डार्लिंग हे वृत्तपत्रातले व्यंग्यचित्रकार होते. आज ते तिकीट २५ डॉलरचे आहे आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा मिळवण्यासाठी आणि राखण्यासाठी जातात. आजवर साठ लाख एकरांहून अधिक अधिवास त्यातून वाचला आहे. शिकार न करणारे पक्षीनिरीक्षकही ते विकत घेतात. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक मूळ पाणथळ जमीन नष्ट झालेली असताना हे पैसे गौण नाहीत.

आपल्याकडे बंदी आहे आणि ती राहावी. पण बंदीमुळे उजनी किंवा जायकवाडीच्या पाण्यावर कोण उतरले आहे हे जाणून घेण्याची जबाबदारी संपत नाही. सॅक्रामेंटोत हिवाळा काढणारी तलवार आणि थापट्या बदके आपल्याकडेही येतात. जात तीच, वाट वेगळी. गोळी न झाडता पाणथळ बुजवली, तिच्यात सांडपाणी सोडले, तरी पक्षी जातातच.

तेव्हा परमुलखात असा छंद धरू पाहणाऱ्याला माझा सल्ला: यंदाच्या हंगामात एक पाणी निवडा, महिन्यातून दोनदा पहाटे तिथे जा, आलेल्या जाती आणि त्यांच्या वेळा लिहून ठेवा. एखादा जुना जाणता शिकारी भेटला तर त्याच्यासोबत नुसते बसा. तिकीट मात्र याच वर्षी विकत घ्या. झेपावत येणाऱ्या दहा आकृत्यांपैकी नऊ जेव्हा अचूक ओळखता येतील, तेव्हा बंदुकीच्या दुकानात जायचे की नाही ते ठरवा.