धर्मग्रंथांची चिकित्सा कोणासाठी?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे नाव निघाले की पुरोगामी कार्यकर्त्यांच्या बैठकीत सहसा दोन प्रतिक्रिया उमटतात. काहीजण आदराने मान डोलावतात आणि विषय बदलतात. काहीजण ‘तो सदाशिवपेठी पंडितांचा मठ’ एवढे म्हणून मोकळे होतात. दोहोंचे फलित एकच. या संस्थेत शंभराहून अधिक वर्षांत नेमके काय झाले, याची चौकशी करण्याचे कोणालाच कारण उरत नाही. ज्या समाजात धर्मग्रंथाच्या आधारावर माणसाला पाणवठ्यावरून हाकलले गेले आणि मुलीला दहाव्या वर्षी सासरी धाडले गेले, त्या समाजातील समतेच्या चळवळीने ग्रंथचिकित्सेविषयी इतके उदासीन राहावे, हे नवलच म्हटले पाहिजे.

संस्था स्थापन झाली ती ६ जुलै १९१७ रोजी, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ऐंशीव्या वर्षाच्या निमित्ताने. भांडारकर हे नुसते व्याकरणवेत्ते नव्हते. प्रार्थनासमाजाचे ते आधारस्तंभ होते आणि स्वतःच्या विधवा मुलीचा पुनर्विवाह त्यांनी लावून दिला होता. १८९१ साली संमतिवयाचा कायदा पुढे आला आणि संभोगासाठी मुलीच्या संमतीचे किमान वय दहावरून बारा करावे की नाही यावर महाराष्ट्र पेटला, तेव्हा सनातन्यांचा मुख्य आधार शास्त्रवचनांचा होता. भांडारकरांनी तीच शास्त्रे उघडली, वचनांचा कालक्रम आणि अर्थ तपासला, आणि बालविवाहाचा आग्रह प्राचीन आधारावर टिकत नाही हे दाखवून दिले. टिळकांसारखा प्रतिपक्षी समोर असताना हे केले. कोणत्या ओळीचा अर्थ काय, हा प्रश्न त्या वर्षी अकरा वर्षांच्या मुलीच्या जिवाचा प्रश्न होता. ग्रंथचिकित्सा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे ज्यांना वाटते त्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावे.

संस्थेचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे महाभारताची चिकित्सक आवृत्ती. अशी आवृत्ती हवी, ही मागणी विंटरनिट्झ या पंडिताने १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत केली होती. युरोपातील प्रयत्न रखडला आणि पहिल्या महायुद्धात बुडाला. पुण्यात १९१९ साली काम सुरू झाले. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे आश्वासन दिले. १९२५ साली प्रमुख संपादकत्व विष्णु सीताराम सुकठणकरांकडे आले. केंब्रिजमध्ये गणित शिकलेल्या आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झालेल्या या माणसाने भावनेला मुळीच थारा न देता कामाची शिस्त घालून दिली. १९४३ साली ते वारले. पुढे बेलवलकरांनी आणि त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्यांनी धुरा वाहिली. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते पूर्ण झालेल्या संहितेचे प्रकाशन झाले. एकोणीस खंड, आणि त्यांसाठी पाहिलेली १२५९ हस्तलिखिते.

या आकड्यांपेक्षा महत्त्वाची आहे ती रीत. काश्मीरची शारदा, नेपाळची नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या मिळविण्यात आल्या. तंजावरला आणि शांतिनिकेतनला ताडून पाहण्याची केंद्रे उघडली गेली. प्रत्येक श्लोक कागदाच्या माथ्यावर लिहावयाचा, त्याची अक्षरे चौकटींत पाडावयाची, आणि एकेका पोथीत जेथे निराळे अक्षर असेल तेथे ते त्या चौकटीत खाली उतरवावयाचे. एकट्या आदिपर्वासाठी सुमारे साठ पोथ्या अशा उतरविल्या गेल्या. कोणती पोथी कोणाच्या मठातली, कोणाच्या गुरूची, याला किंमत नव्हती. काश्मीर आणि केरळ यांसारख्या एकमेकांपासून दूर पडलेल्या परंपरा जेथे जुळतात, तेथे पाठ जुना मानावयाचा. एकाच प्रांतात जे आढळते ते मागाहून आलेले समजून तळटीपेत किंवा परिशिष्टात ठेवावयाचे. आणि जेथे निर्णय पक्का होत नाही, तेथे त्या शब्दांखाली एक नागमोडी रेघ ओढावयाची.

ही नागमोडी रेघ कार्यकर्त्यांनी एकदा तरी ग्रंथालयात जाऊन डोळ्यांनी पाहावी. ज्या ग्रंथाला पाचवा वेद म्हटले जाते, ज्याच्या पोटात गीता आहे, त्याच्या छापील पानावर ‘येथे खात्री नाही’ असे संपादक जाहीर करतो. पुरोहिताने ग्रंथ हाती घेतल्यापासून अशी कबुली कधी दिली होती?

आणि या चाळणीतून गळले काय? व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही लहानपणापासून प्रत्येक मराठी घरात ऐकलेली कथा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. द्यूतसभेत द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो भागही मूळ संहितेतून तळटीपेत गेला. वस्त्रे एकामागून एक प्रकट होतात एवढे राहिले, पण प्रार्थनेचे श्लोक उरले नाहीत. मग ठळकपणे समोर येतो तो तिचा प्रश्न : आधी स्वतःला हरलेला माणूस बायकोला पणाला लावू शकतो काय? भीष्मापासून विदुरापर्यंत भरलेली सभा आणि तिच्यापुढे स्वतःच्या हक्काचा कायदेशीर प्रश्न विचारणारी स्त्री. डॉ. राममनोहर लोहियांनी भारतीय स्त्रीचा आदर्श सावित्रीत न शोधता द्रौपदीत शोधला, त्याला पुण्यातल्या या कोरड्या, रुक्ष पाठचिकित्सेने न मागता पाठबळ दिले. इरावती कर्वे यांनी १९६७ साली ‘युगान्त’ लिहिले तेही याच आवृत्तीच्या आधारावर. देवत्वाची पुटे काढून कुंती, गांधारी, द्रौपदी माणसे म्हणून मराठी वाचकासमोर उभ्या राहिल्या त्या या कामामुळे.

शास्त्रशुद्ध पाठभेद हे केवळ पंडितांच्या हातातील खेळणे नव्हे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखले होते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचे दहन करणाऱ्या याच पुरुषाने १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ महात्मा फुल्यांना अर्पण केला आणि त्यात शांतिपर्वातील पैजवनाचा श्लोक घेतला. पैजवन नावाच्या शूद्राने यज्ञ करून अमाप दक्षिणा दिली, असे तेथे आहे. हस्तलिखितांत या ओळीचे पाठ कसे बदलत जातात हे बाबासाहेबांनी मांडले आणि त्यावरून शूद्र हे मूळचे क्षत्रिय होते असा आपला सिद्धान्त उभारला. तो सिद्धान्त सर्वांना मान्य होईल असे नाही. पण ज्याला वेदाचे अक्षर ऐकण्याचीही बंदी होती, त्या समाजातील माणूस पोथ्यांचे पाठ ताडून ग्रंथाला जाब विचारतो, ही घटना महाडच्या अग्नीइतकीच मोठी आहे. पुण्यातच राहणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी गीता कोणत्या वर्गाच्या गरजेतून पुन्हा पुन्हा वापरली गेली हे दाखविले. तेही नुसते टीकाकार नव्हते. भर्तृहरीची संहिता त्यांनी स्वतः पोथ्या ताडून सिद्ध केली होती.

दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. अठरा पर्वांच्या संपादकांची यादी वाचावी. त्यात एक अमेरिकन पंडित आहे, एक बंगाली आहे. स्त्री एकही नाही, आणि देशी नावे बहुतेक ज्या थरांकडे संस्कृतची मक्तेदारी पिढ्यान्‌पिढ्या होती त्याच थरांतली आहेत. प्रस्तावना इंग्रजीत, संहिता संस्कृतात. म्हणजे सामान्य मराठी माणसाला दोन कुलपे. संस्थेकडील हस्तलिखितांचा मूळ साठा हा मुंबई सरकारने १८६६ पासून सार्वजनिक पैशातून जमविलेला साठा आहे. तो भांडारकरांच्या घरचा नाही, की कोणा ज्ञातीचा नाही. जनतेच्या पैशाने जमलेल्या ज्ञानाचे फळ जनतेच्या भाषेत जनतेपर्यंत पोहोचविणे हे ज्यांचे कर्तव्य होते, त्यांना त्याची निकड भासली नाही. विद्वत्तेचा सोवळेपणा हा जातीच्या सोवळेपणाचाच सुशिक्षित भाऊ आहे, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे अवघड जाईल.

या दुराव्याची किंमत ५ जानेवारी २००४ रोजी मोजावी लागली. जेम्स लेन या अमेरिकन लेखकाच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकात संस्थेतील अभ्यासकांचे आभार मानलेले होते. तेवढ्या निमित्ताने संभाजी ब्रिगेडचा जमाव संस्थेवर चालून गेला. कपाटे फोडली गेली, ग्रंथ आणि हस्तलिखिते विस्कटली, तसबिरी फुटल्या. ७२ जणांना अटक झाली. त्या पुस्तकातील मजकूर आक्षेपार्ह होता की नव्हता हा निराळा वाद आहे. प्रकाशकाने ते भारतातून आधीच मागे घेतले होते, आणि पुढे शासनाने घातलेली बंदी न्यायालयात टिकली नाही. ब्राह्मणी वर्चस्वावर घाव घालतो आहोत असे त्या तरुणांना वाटत होते. पण हात पडला कशावर? ज्या पोथ्यांच्या आधारे ‘ग्रंथ अपौरुषेय आहे, एकसंध आहे, बदललेला नाही’ हा दावा खोटा ठरतो, त्या पोथ्यांवर. बहुजन समाजातील उद्याचा आंबेडकर ज्या कपाटापुढे बसून पाठ ताडील, ते कपाट त्यांनी फोडले. सनातन्यांना याहून सोयीचे दुसरे काय असणार?

हल्ल्यानंतर निषेधाच्या सभा झाल्या, त्यांतही एक गोष्ट खटकणारी होती. बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना संस्थेत काय आहे हे ठाऊक होते. ‘आपला प्राचीन ठेवा’ एवढाच शब्द सर्वांच्या तोंडी. ठेवा म्हटले की तो पुजावयाचा असतो, आणि पूजा करणाऱ्यांची आज देशात कमतरता नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयातील समारंभात पंतप्रधानांनी कर्णाच्या जन्मात जननशास्त्र आणि गणपतीच्या मस्तकात प्लास्टिक सर्जरी पाहिली. २०२० च्या शैक्षणिक धोरणापासून भारतीय ज्ञानपरंपरेचा गजर चालू आहे. त्या परंपरेत सुकठणकरांची नागमोडी रेघ बसते काय, हे विचारणारा कोणी नाही. सत्तेला हवा आहे तो एकमुखी, अभिमानाने फुललेला ग्रंथ. चिकित्सक आवृत्ती दाखविते तो अनेक हातांनी, अनेक प्रांतांत, अनेक शतके लिहिलेला, वाढविलेला, दुरुस्त केलेला ग्रंथ. हे दोन ग्रंथ एकत्र नांदू शकत नाहीत.

येथे समाजवादी चळवळीची जबाबदारी येते. पंढरपूरच्या विठोबाचे दार हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी प्राण पणाला लावले. देवळाच्या दारासाठी जे केले ते ग्रंथाच्या दारासाठी का होऊ नये? सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक संशोधन संस्थेने आपले काम मराठीत, परवडणाऱ्या किमतीत आणले पाहिजे, ही मागणी विधिमंडळात आणि विद्यापीठांच्या अधिसभांत लावून धरता येते. संस्कृत, पाली, अर्धमागधी शिकू इच्छिणाऱ्या दलित, आदिवासी, बहुजन मुलामुलींना शिष्यवृत्त्या मागता येतात. कीर्तनकाराच्या सप्ताहाला गावोगाव मांडव पडतो; कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गाला मात्र महाभारत हा विषय प्रतिगाम्यांसाठी राखून ठेवावासा वाटतो. संशोधित संहिता आज संगणकावर विनामूल्य वाचता येते आणि छापील खंड विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आहेत. शांतिपर्वाचा खंड उघडून पैजवनाचा श्लोक आणि त्याखालचे पाठभेद समोर ठेवावेत, शेजारी बाबासाहेबांचे पुस्तक ठेवावे, आणि संस्कृत जाणणारा एखादा शिक्षक सोबत घ्यावा. जिल्ह्याच्या गावी एवढी सामग्री एका संध्याकाळसाठी जमविणे कठीण नाही.