एका मापाच्या फायली

सोनीचा ए7 किंवा ए7आर ज्यांनी 2013 च्या सुमारास घेतला, त्यांनी तेव्हाच्या रॉ फायलींची यादी एकदा उघडावी. फोटो पाहू नयेत, फक्त आकाराचा रकाना पाहावा. अमावास्येचं आकाश, सुमारे 24 एमबी. दसऱ्याच्या बाजारातला झेंडूचा ढीग, सुमारे 24 एमबी. लेन्सचं टोपण न काढता चुकून दाबलेलं बटण, तेवढेच. ए7 चा सेन्सर 24 मेगापिक्सेलचा आहे. ए7आर 36 चा, म्हणून त्याची फाइल 36 एमबीच्या आसपास. पिक्सेलमागे एक बाइट, म्हणजे 8 बिट. जाहिरातीत आकडा 14 चा होता.

आकार असा एकसारखा येण्याची कारणं दोनच. एक तर फाइल मुळीच आवळलेली नाही, किंवा माप आधी ठरवून त्यात न बसणारं कापून टाकलेलं आहे. आवळली नसती तर 24 मेगापिक्सेलची 14 बिट फाइल 42 एमबीच्या खाली आलीच नसती. आणि काहीही न गमावता आवळली असती, तर काळोखाची फाइल लहान झाली असती, झेंडूची मोठी. उरलं दुसरं कारण.

कापायची रीत मुळातून पाहण्याजोगी आहे. सेन्सरच्या 14 बिटांत उजेडाच्या 16,384 पायऱ्या मावतात. पहिल्या टप्प्यात त्यांच्या 2,048 केल्या जातात. इथे फार कुरकुर करायला नको. छाट मुख्यतः उजळ भागात पडते, आणि तिथे प्रकाशाचा स्वतःचाच नॉइज इतका असतो की बारीक पायऱ्या त्यात बुडालेल्याच असतात. खरी कात्री पुढे चालते. एका ओळीतले एकाच रंगाचे 16 पिक्सेल एकत्र घेतले जातात. त्यांतल्या सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद पिक्सेलला 11-11 बिट. त्या दोघांच्या जागा टिपायला 4-4. राहिलेल्या 14 पिक्सेलना प्रत्येकी 7. बेरीज 128 बिट, म्हणजे 16 बाइट. माप बरोब्बर जुळलं.

7 बिट म्हणजे 128 पायऱ्या. सोळाही पिक्सेल नुसत्या आकाशाचे असतील तर त्या पुरून उरतात. मध्ये एक चांदणी आली की त्याच 128 पायऱ्या काळोखापासून चांदणीपर्यंत ताणाव्या लागतात. मग शेजारच्या काळोखातले बारकावे ढोबळ होतात. ताऱ्यांच्या रेषा टिपणाऱ्यांनी शॅडो उचलल्यावर रेषांच्या कडेला जी ठिगळं दिसली, ती यातूनच आली. लग्नाच्या अल्बममध्ये ती कुणाला दिसणार नाहीत, हेही खरं. पण रॉ फाइल घेतात ती पुढे मनासारखी ताणता यावी म्हणूनच. नाहीतर जेपेगनं काय बिघडलं होतं?

काही फेकलं म्हणून राग नाही. घाईत फोटो काढणाऱ्याला लहान फाइल सोयीचीच असते. पण निवड त्याची असायला हवी. निकॉनच्या डी300 वर 2007 मध्येच लॉसलेस, कॉम्प्रेस्ड आणि अनकॉम्प्रेस्ड असे तिन्ही पर्याय मेनूत मांडलेले होते. सोनीच्या या कॅमेऱ्यांवर रॉ एकच होती आणि आत काय कापलं जातं याचा खुलासा नव्हता. तो हिशेब उलगडला फाइल उघडणारी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी.

ओरड वाढल्यावर सप्टेंबर 2015 मध्ये कंपनीने अनकॉम्प्रेस्ड रॉ जाहीर केली. ए7आर 2 ला ती फर्मवेअरमधून मिळाली. त्या 42 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल एकदम दुप्पट झाली, कारण 14 बिट 16 च्या खणात ठेवले गेले. दर पिक्सेलमागे 2 बिट नुसते रिकामे. ग्राहकांनी माहिती फेकू नका म्हटलं होतं, कार्ड भरा असं नव्हे! काही न गमावता फाइल लहान करण्याची पद्धत 1992 च्या जेपेग मानकात दिलेलीच आहे, आणि कॅनन आपल्या रॉ फायलींसाठी ती वापरतही होतं. सोनीच्या मेनूत लॉसलेस रॉ आली 2021 मध्ये, अल्फा 1 बरोबर.

त्या अल्फा 1 ची जाहिरात होती सेकंदाला 30 फोटोंची. रॉमध्ये 30 मिळतात ते कापलेल्या फाइलवर. लॉसलेस निवडली की 20. मोठ्या अक्षरांत 30, अट तळटीपेत. आणि मेनूत त्या कापलेल्या रॉचं नाव काय? नुसतं 'कॉम्प्रेस्ड'.

सेन्सर किती बिट वाचतो हे छापणाऱ्या कंपन्यांनी फाइलमध्ये त्यातले किती उरतात तेही त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावं. तोवर कॅमेरा घेणाऱ्याने मेगापिक्सेल विचारून झाले की आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: रॉ किती प्रकारची मिळते, आणि सांगितलेला वेग त्यातल्या कोणत्या प्रकारावर मिळतो. उत्तर दुकानातच, मेनू उघडून तपासून घ्यावं.