पहिले यान टाकून देण्यापूर्वी

अकरावीच्या पहिल्या तासाला मी दरवर्षी एक साधा प्रश्न विचारतो. कॅरमचा स्ट्रायकर टिचकी मारल्यावर थोडा पुढे जातो आणि थांबतो. तो का थांबतो? बरेच हात वर होतात आणि उत्तर येते, "दिलेले बल संपले म्हणून!" यंदा हे उत्तर देणाऱ्यांत एक मुलगा असा होता, की जो संगणकावर रोज अवकाशयान चालवतो. तास संपल्यावर त्याने मला विचारले, "सर, माझे यान अगदीच नवशिक्याचे आहे. मोठे केव्हा घेऊ?"

मी त्याला म्हटले, "आधी मला ते यान दाखव."

त्या खेळाचे नाव 'एलिट डेंजरस'. इंग्लंडमधील केंब्रिजच्या 'फ्रंटियर डेव्हलपमेंट्स' या कंपनीने तो २०१४ साली बाजारात आणला. आपल्या आकाशगंगेची, सुमारे ४०० अब्ज ताऱ्यांसह केलेली प्रतिकृती त्यात आहे. देशोदेशींचे खेळाडू इंटरनेटवरून तीत एकत्र संचार करतात. नवशिक्याला आरंभी 'साइडवाइंडर' हे छोटे यान मिळते. त्याच्या सांगाड्याचे वस्तुमान २५ टन, इंधनाची टाकी २ टनांची आणि तोफा दोन, त्याही लहान. एका उडीत ते सात-साडेसात प्रकाशवर्षे जाते. मोठ्या यानांपुढे हे आकडे किरकोळ दिसतात. म्हणून मुलांना ते कधी एकदा टाकून देतो असे होते.

माझे मत मात्र वेगळे आहे. शिकाऊ यानाचे मोल तोफा मोजून ठरवू नये. त्याला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : ते चुका करू देते काय? साइडवाइंडर आदळून नष्ट झाले, तर खेळात दुसरे फुकट मिळते. ही सवलत क्षुल्लक समजू नका. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला. त्यानंतर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ सुखरूप उतरेपर्यंत चार वर्षे जावी लागली. खऱ्या अवकाशात चूक फार महाग पडते. येथे ती स्वस्त आहे, तेव्हा ती भरपूर करून घ्या.

दुसरा प्रश्न : ते निसर्गनियम दाखवते काय? येथेच खरी गंमत आहे. नेहमीच्या पद्धतीने चालवताना वेगाचा दांडा शून्यावर आणला की यान थांबते. नाक वळवले की यानही तिकडेच वळते, जणू रस्त्यावरची मोटारच! पण यानात 'फ्लाइट असिस्ट' म्हणजे उड्डाणसाहाय्याची एक कळ असते. ती बंद करा. आता यानाला वेग द्या, दांडा शून्यावर आणा आणि नाक उलट दिशेला फिरवा. काय होते? यान मागे तोंड करून पहिल्याच दिशेने, पहिल्याच वेगाने सरकत राहते! ते थांबवायचे तर उलट दिशेने तेवढाच रेटा तेवढाच वेळ द्यावा लागतो. न्यूटनचा पहिला नियम तो हाच.

मग कळ चालू असताना यान थांबत का होते? नियम बदलला होता म्हणून नव्हे. तुमच्या नकळत संगणक विरुद्ध दिशेचे झोत सोडत होता. आता कॅरमकडे या. तेथे तो छुपा चालक कोण? घर्षण! स्ट्रायकरचे बल 'संपत' नाही. बोट सुटले त्याच क्षणी तुमचे बल थांबले होते. पुढे कार्य करीत होते ते विरुद्ध दिशेचे घर्षणबल. पृथ्वीवर ही कळ आपल्याला बंद करता येत नाही, म्हणूनच आपली फसगत होते.

तिसरा प्रश्न : ते कोठे फसवते? होय, फसवतेही. कळ बंद केली तरी त्या यानाचा नेहमीचा कमाल वेग सेकंदाला सुमारे २२० मीटर एवढाच राहतो. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगाने फिरते. निर्वात जागेत असा अडसर घालणारे काही नसते. हा अडसर खेळाच्या सोयीसाठी आहे. याच मालिकेतील १९९३ च्या खेळात न्यूटनचे नियम अधिक काटेकोर पाळले होते, तेव्हा लढाईत याने एकमेकांजवळून सुसाट निघून जात आणि नेम धरणे कठीण होई.

दुसरी फसवणूक इंधनाची. रेटा मिळवायचा तर मागे काहीतरी फेकावे लागते. चांद्रयान-३ च्या प्रणोदन भागाच्या सुमारे २१५० किलोग्रॅमपैकी जवळजवळ १७०० किलोग्रॅम नुसते इंधन होते! साइडवाइंडर मात्र मागे फेकलेल्या द्रव्याचा हिशेबच ठेवत नाही. प्रकाशवर्षांच्या उड्या तर निव्वळ कल्पना.

पण फसवणूक ओळखता येणे हेसुद्धा भौतिकशास्त्रच आहे. म्हणून माझा निकाल असा : नवशिक्याचे हे यान प्रयोगशाळा म्हणून उत्तम आहे, मात्र कळ बंद करून चालवणाऱ्यासाठीच. कळ कायम चालू ठेवणारा शंभर तास खेळला, तरी स्ट्रायकरचे बल संपले असेच म्हणत राहील. २०२४ पासून या खेळात खऱ्या पैशांनीही याने घेता येतात. तेव्हा वडिलांकडे पैसे मागण्यापूर्वी स्वतःची परीक्षा घ्या. कळ बंद ठेवून यान तळावर अलगद उतरवता येते का, ते पाहा.

तो विद्यार्थी आठवड्याने परत आला. यान सतरा वेळा आदळले, असे त्याने सांगितले. मग जरा थांबून म्हणाला, "सर, स्ट्रायकरचे माझे उत्तर चुकले होते." मोठ्या यानाविषयी त्याने त्या दिवशी काही विचारले नाही.