आधी आलेले आधी बाहेर



ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, हा तोडणी कार्यक्रमाचा नियम आपल्या अंगवळणी पडला आहे. तो मोडला तर आपण गट कार्यालयात जाब विचारतो, आणि ते रास्तच आहे. मात्र हाच नियम खताच्या गोदामात पाळला जातो का, हे कोणी विचारीत नाही.

गाडी आली की नवी थप्पी दाराशी लागते आणि माल देताना हातही दारापाशीच जातो. मागचा युरिया ओल धरतो, त्याची ढेकळे होतात. जिवाणू खत तर याहून नाजूक. भुकटीतल्या जिवाणू खताची मुदत साधारण सहा महिने. ती उलटली की पाकीट तसेच दिसते, पण आतले जिवाणू बरेचसे मेलेले असतात. पैसे मात्र सभासदाचे जातात. सबब खत 'आधी आलेले आधी बाहेर' आणि जिवाणू खते व औषधे 'आधी मुदत संपणारी आधी बाहेर', असे झाले पाहिजे.

दुसरी गोष्ट रांगेची. मागणीप्रमाणे माल काढण्याला गोदामवाले 'पिकिंग' म्हणतात. त्याच्या मुख्य रीती तीन. आपण शहागंजच्या बाजारात किराणा भरायला जातो, तेव्हा दुकानातला पोऱ्या आपली यादी घेऊन एकेक जिन्नस काढतो. ही एकेरी रीत. दहा गिऱ्हाइकांपुरती ठीक. दुसरी रीत म्हणजे अनेक याद्यांची बेरीज करून माल एकदाच काढायचा आणि दाराशी वाटायचा. तिसरी विभागवार: खताचा हमाल खतच काढील, औषधाचा माणूस औषधच.

आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट. त्या महिन्यात शेकडो सभासदांना एकेरी रीतीने माल द्यायचा म्हटले तर दिवस रांगेतच जातो, आणि तिकडे वापसा निघून जातो. म्हणून आमचे मत असे की, गावांना वार ठरवून द्यावेत, गावच्या मागण्या आदल्या दिवशी गट कार्यालयात एकत्र कराव्यात आणि सकाळी गावाचा माल मोजून दाराशी काढून ठेवावा. पॉस यंत्रावर अंगठा ज्याचा त्यानेच लावायचा, पावतीही ज्याची त्याला. पोती एकत्र काढायला त्याची आडकाठी नाही.

"एकत्र मालात घोटाळा होईल," असे कोणी म्हणेल. त्यावर उपाय एकच: दाराशी पावती पाहून पुन्हा मोजणी. आणि सभासदांनीही पाकीट हातात घेताना त्यावरची तारीख वाचावी. तोडणीची तारीख आपण विसरत नाही, मग ही तरी का विसरावी?