घड्याळाची परीक्षा किती कडक असावी?

२५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकी सैनिकांच्या निवासावर इराकी स्कड क्षेपणास्त्र कोसळले आणि २८ सैनिक प्राणास मुकले. संरक्षणासाठी नेमलेल्या पेट्रिअट यंत्रणेने ते अडविण्याचा प्रयत्नही केला नाही. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत असे. परंतु एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत पूर्णपणे मांडता येत नाही, म्हणून ती २४ बिटांत छाटलेली होती. दर ठोक्यामागे होणारी चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी होती. यंत्रणा सलग १०० तास चालू राहिली आणि ही चूक साठत साठत सेकंदाच्या एक तृतीयांशावर गेली. तेवढ्या अवधीत स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. सुधारलेली आज्ञावली धाहरानला पोहोचली ती दुसऱ्या दिवशी!

आज लहानमोठ्या उपकरणांत बसविलेल्या आज्ञावल्यांपैकी बऱ्याच मुक्त स्रोत प्रकल्पांतून येतात. २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली चालणारा झेफिर हा त्यांपैकीच एक. अशा प्रकल्पांना कोणीही, अगदी विद्यार्थीही, हातभार लावू शकतो. तेव्हा कालमापकाशी संबंधित भाग स्वीकारण्यापूर्वी त्याच्या अचूकतेची परीक्षा किती कडक घ्यावी, असा प्रश्न उभा राहतो.

प्रत्येक योगदात्याने महागड्या उपकरणांनी मायक्रोसेकंदापर्यंत मोजमाप करून दाखवावे, असा आग्रह धरणे व्यर्थ होय. घड्याळात सर्रास वापरला जाणारा ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिक दशलक्षात २० भाग चुकला, तर दिवसाकाठी सुमारे १.७ सेकंदांचा फरक पडतो. तो दोष आज्ञावलीच्या माथी मारता येणार नाही. उलटपक्षी, संगणकावरील आभासी यंत्रात चाचणी उत्तीर्ण झाली एवढ्यावर समाधान मानणेही चूक. तेथील काळ त्या संगणकावरील भारानुसार मागेपुढे होतो. तेथे तर्काची परीक्षा होते, अचूकतेची नव्हे.

धाहरानचा धडा मापाच्या सूक्ष्मतेचा नसून साठत जाणाऱ्या चुकीचा आहे. म्हणून मागण्या तीनच असाव्यात. किती फरक चालेल हे आधी लिहून द्यावे. दीर्घकाळ चालवूनही चूक साठत नाही हे दाखवावे. आणि मोजक भरून पुन्हा शून्यावर येतो तेव्हा काय घडते हे तपासावे. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा मोजक ४९.७ दिवसांनी उलटतो. पण त्यासाठी तितके दिवस वाट पाहण्याचे कारण नाही. लिनक्सच्या गाभ्यात हा मोजक मुद्दामच अशा आकड्यापासून सुरू केला जातो की, यंत्र चालू झाल्यावर पाच मिनिटांतच तो उलटावा. या तपासणीस पैसा लागत नाही, दूरदृष्टी लागते.

प्रत्यक्ष यंत्रावरील मोजमापाचा भार मात्र प्रकल्पाने व त्याचा लाभ घेणाऱ्या उत्पादकांनी उचलावा. तो विद्यार्थ्यावर लादल्यास चुका थांबणार नाहीत. थांबतील ते केवळ विद्यार्थी.